गिलकं, घोसाळं आणि पारोसं

“आधी तुझा सांग, बाय. मग माझा घे.”

पन्नास वर्षं होत आली, पण हा आवाज अजून माझ्या कानाशी आहे. थोडा घोगरा, मिश्रीनं जड झालेला, मध्येच हसू दाबणारा. तानूबाई शिंगाडे वाफ्याच्या बांधावर बसल्या होत्या. मांडीवर टोपली, समोर काटेरी कुपाटीवर चढलेला वेल, वेलावर पिवळी फुलं. मी त्यांच्यापुढं चित्राचा पुठ्ठा धरून उभी होते. पुठ्ठ्यावरची भाजी पुठ्ठ्याच्या मागंच वेलाला लोंबत होती, आणि चित्रकारानं ती अशी काही गुटगुटीत काढली होती की ती भाजी कमी आणि बैठकीतला लोड जास्त वाटावी.

“मावशी, ह्याला तुम्ही काय म्हणता, एवढंच सांगा.”

“सांगितलं की गेल्या खेपंला. घोसाळं.”

“ते गुरुजींचं झालं. तुमचं काय?”

“आन् तुझं काय?”

मी हातातला पुठ्ठा उगाच सरळ केला. तेव्हा त्यांनी ते म्हटलं. आधी तुझा सांग, मग माझा घे.

साल चौऱ्याहत्तर. मी, वत्सला बोरसे, एम. ए. होऊन पुण्यातल्या एका संस्थेच्या बोली सर्वेक्षणात नुकतीच लागले होते. काम मोठं गोड होतं. गावोगाव जायचं, चित्रांचे तीनशे पुठ्ठे एकामागून एक दाखवायचे आणि त्या गावचा शब्द वहीत उतरवायचा. मग पुण्यातल्या मोठ्या नकाशावर त्या गावाचं टिंब लागायचं आणि टिंबाशेजारी तो शब्द. कोकणात दोडक्याचं शिराळं होतं. लाल भोपळा कुठं डांगर, कुठं गंगाफळ, कुठं नुसताच भोपळा. एकच भाजी दर वीस कोसांवर नवं लुगडं नेसून उभी राहायची. नकाशापुढं उभं राहिलं की मला जत्रेत गेल्यासारखं वाटायचं.

पण मी अजून चाचणीवर होते, तीन महिन्यांच्या. त्यातले दोन संपले होते आणि माझी पहिलीच वही परत आली होती.

आमचे प्रमुख आठल्ये सर. आवाज कधी चढवायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझी पांढरवाडीची वही उघडली आणि मोठ्यानं वाचली. “घोसाळं. पडवळ. कोथिंबीर. होय. नाही. इकडे. तिकडे. बोरसेबाई, हे म्हसवडजवळचं गाव आहे की सदाशिव पेठ?”

“सर, त्यांनी असंच सांगितलं.”

“सांगितलं असेल. पण माणदेशात कुणी ‘इकडे’ म्हणत असेल, तर मी उद्यापासून हे काम सोडून देतो.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “आठ दिवस देतो. पुन्हा जा. ही वही भरून आली तर तुम्ही आहात, नाहीतर मला दुसरं माणूस शोधावं लागेल. आणि नियम लक्षात आहे ना? पहिला?”

“आपला शब्द आधी तोंडातून काढायचा नाही.”

“का?”

“माणूस भिडेनं तोच शब्द उचलतो आणि त्याचा स्वतःचा पुसला जातो.”

“बरोबर. या.”

नियम मला तोंडपाठ होता. तो पाळणं मला जड नव्हतंच. माझा शब्द मी पाच वर्षांत कुणापुढं तोंडातून काढला नव्हता.

मी गिरणाकाठच्या एका खेड्यातली. घरी आमची बोली अहिराणी. पुण्याला वसतिगृहात आले त्या पहिल्या रात्री मेसमध्ये ताटात भाजी पडली. ओळखीचं माणूस भेटावं तशी मी हरखले आणि म्हणाले, “माय वं! गिलकानी भाजी!” सगळ्या पंगतीचा हात ताटातच थांबला. मग जे हसू फुटलं ते भाकरीबरोबर दोन वर्षं रोज वाढलं जात होतं. कुणी एकीनं त्याचं गाणंसुद्धा केलं. मी त्याच आठवड्यात घोसाळं म्हणायला शिकले. ‘माले’चं ‘मला’ झालं, ‘आठे’चं ‘इथे’ झालं. संस्थेच्या अर्जात ‘उमेदवाराची स्वतःची बोली’ असा रकाना होता. सर्वेक्षकाचा कान कुठं घडलाय ते प्रमुखांना ठाऊक असावं लागतं, म्हणून तो ठेवलेला होता. त्यापुढं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘प्रमाण मराठी’. गावाच्या जागी मामाचा नाशिकचा पत्ता दिला. मुलाखतीत सरांनी विचारलं, “खानदेशाशी काही संबंध? बोरसे आडनाव तिकडं फार.” मी म्हणाले, “फारसा नाही.”

पांढरवाडीत एस. टी. सकाळी पोचायची. ताटे गुरुजी फाट्यावर सायकल घेऊन हजर. हे गावच्या शाळेचे एकुलते एक गुरुजी, धुवट टोपीचे, पाहुण्याला काय देऊ नि काय नको असं होणारे. गेल्या खेपेला त्यांनीच सगळं गाव शाळेत गोळा करून दिलं होतं.

“पुन्हा आलात बाई? काही चुकलं का आमचं?”

“नाही गुरुजी. थोडं राहिलंय.”

“मी पुन्हा सर्वांना बोलावतो. ह्या वेळी अधिक तयारी करून घेतो.”

‘तयारी’ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. मी म्हटलं, नको, मीच एकेकाला भेटते. आणि त्यांच्या घरी पिशवी ठेवून एकटीच निघाले. मी पारावर पोचायच्या आधीच बातमी पोचलेली. पारावरचे म्हातारे मला बघून ताठ बसले. एक जण म्हणाला, “नमस्कार. आपण केव्हा आलात?” आणि लगेच शेजारच्याकडं बघितलं, बरोबर आलं का म्हणून. विहिरीवर बायका भरभरून बोलत होत्या, मी दिसले आणि सगळ्या पाखरांसारख्या गप्प. पाणी ओढणाऱ्या रहाटाचा तेवढा आवाज उरला.

दोन दिवस हेच. ‘होय’, ‘नाही’, ‘कोथिंबीर’.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीच्या वरच्या अंगाला तानूबाईंच्या माळव्यात शिरले. माळवं म्हणजे भाजीपाला. हा शब्दसुद्धा मला त्यांनी नंतर दिला. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन वीसेक वर्षं झालेली ही बाई पाव एकरात सगळं पिकवायची आणि डोक्यावर टोपली घेऊन म्हसवडच्या बाजाराला चालत जायची. गेल्या खेपेला शाळेत त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. पुठ्ठा दाखवला तेव्हा आधी गुरुजींकडं बघून, मग माझ्याकडं बघून, एकेक अक्षर चाखल्यासारखं म्हणाल्या होत्या, “घो, सा, ळं.”

त्या सकाळी बांधावर आमचं ते बोलणं झालं. मग त्यांनी टोपली खाली ठेवली.

“गुरुजींवर राग धरू नगंस,” त्या म्हणाल्या. “त्यो भला माणूस हाय. तू यायच्या आदल्या सांजंला त्यानं समद्यास्नी शाळंत बशिवलं. फळ्यावर मधी रेघ वडली. डाव्या अंगाला आमचं बोलणं, उजव्या अंगाला शुद्ध. दोन घटका घोकून घेतलं. म्हनला, पुन्याच्या बाई येनार, गावची लाज राखा. मग आमी राखली.”

“आणि डावी बाजू?”

“ती पुसली की! पावणं येताना कुनी केर दाखवतं व्हय?”

मला त्या फळ्याची आठवण झाली. पहिल्या खेपेला मी शाळेत पाऊल टाकलं तेव्हा फळ्याचा अर्धा भाग खडूनं पांढुरका झालेला होता. माझी अख्खी वही त्या पांढुरक्यात गेली होती. मी खालीच बसले. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही झालं.

“अगं बया, रडतीस कशापायी?”

मी सांगितलं. वही परत आली, आठ दिवस दिलेत, ही भरली नाही तर माझं काम जाईल. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“मग इतक्या बाया हाईत, त्यांस्नी इचार.”

“त्याही शुद्धच बोलतात.”

“बोलतील न्हायतर काय. तू शुद्ध बोलतीस.” त्यांनी वेलाचं एक कोवळं फळ खुडलं, पदरानं पुसलं. “ह्ये बघ. आमच्यात पयलं माळवं निघालं की इकायच्या आधी वानवळा द्यायचा. शेजारी, पाजारी, ज्याच्याकडं न्हाय त्याला. आन् ज्यानं घेतला त्यानं भांडं रितं परत द्यायचं न्हाय. काय न्हाय तर चिमूटभर मीठ टाकायचं. तू दोन खेपा आलीस. ह्याचा शबुद घेतलास, त्याचा शबुद घेतलास. तुझ्या पिशवीतनं एकतरी बाहीर काडलास का? म्हनून सांगती. आधी तुझा सांग.”

“मावशी, नियम आहे. आम्ही आमचा शब्द सांगायचा नसतो.”

“मग ऱ्हायलं.” त्या उठल्या आणि वांग्याच्या वाफ्याकडं गेल्या.

मी सरळ खोटं बोलून पाहिलं. त्यांच्या मागं जात म्हणाले, “आमच्याकडे घोसाळंच म्हणतात.”

त्या वळल्यासुद्धा नाहीत. “त्ये मास्तरचं. तुझ्या आयचं सांग.”

त्या दिवशी मी रिकाम्या हातानं गुरुजींच्या घरी गेले. रात्री वही उशाशी घेऊन हिशेब मांडला. नियम मोडून वही भरली तर सर ती बाद करतील. नियम पाळला तर भरणारच नाही. आणि नियमाच्या आड मी लपते आहे, हे त्या अडाणी म्हणवणाऱ्या बाईनं बांधावरच्या पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. ते मला जास्त लागत होतं.

सकाळी उठून पुन्हा माळव्यात गेले. वही पिशवीतच ठेवली. तानूबाई बाजाराची टोपली भरत होत्या, मी न विचारता पालेभाजीच्या जुड्या बांधायला बसले. पाचसात जुड्या बांधून झाल्या. मग त्यांनी टोपलीतलं तसंच एक कोवळं फळ उचलून माझ्यापुढं धरलं. आता मी पुठ्ठा धरायची तसं.

“ह्याची भाजी तुझी आय कशी करती?”

हा प्रश्न माझ्या तीनशे प्रश्नांत नव्हता. मी सुरुवात केली. “आधी ते चिरून घ्यायचं. मग कढईत फोडणी...” आणि अडले. आमच्या घरी कढईला कढई म्हणतच नव्हते. फोडणी म्हणतच नव्हते. चुलीपुढं बसलेली माय मला दिसत होती, तिच्या बांगड्यांवर चढलेली राख दिसत होती, पण मी तिला पुण्याची भाषा बोलायला लावली की ती माझ्याकडं पाठ फिरवून बसायची. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. तानूबाई वाट बघत होत्या. घाई नव्हती, हसू नव्हतं. आणि मग ते आपोआप आलं. पाच वर्षं कोरड्या पडलेल्या पाटात पाणी सुटावं तसं, आधी माती वाहून आणणारं.

“गिलकं चिरी लेवानं. बारीक नही, जाड. मंग तेलमा लसून टाकानी, हिरवी मिरची ठेची टाकानी. गिलकं टाकानं. पानी टाकानं नही मावशी, त्याले सोतानं पानी सुटस. मन्ही माय वऱ्हून शेंगदानासना कूट टाकस. आन् आम्ही ज्वारी-उडीदना कळनानी भाकर संगे खातस. मन्ही माय म्हनस, गिलकाले घाई नही करानी, ते लाजाळू शे, झाकन ठेवं म्हंजे मन मोकळं करस.”

बोलून झालं आणि मी मान वर केली. मला मेसमधली पंगत आठवली.

तानूबाईंनी ते फळ माझ्या मांडीवर ठेवलं.

“गिलकं,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “गिलकं. कसं ग्वाड नाव हाय! लहानग्या पोरीचं असावं तसं. गिलकं, गिलके, हिकडं ये गं. आन् झाकन ठिवलं की मन मोकळं करतंय, ह्ये तर आमच्यात कुनी म्हनलंच न्हाय. ही तुझी आय लई शानी दिसती.”

“हो.”

“व्हय म्हन की आता, ‘हो’ कशाला?”

आम्ही दोघी हसलो. त्या बांधावर मांडी घालून ऐसपैस बसल्या. “आता घे माझा. पारोसं. पारोसं दोडकं म्हन, न्हायतर नुसतं पारोसं.”

“पारोसं म्हणजे आंघोळ न केलेलं ना?”

“त्येच की. का म्हंत्यात म्हाईत न्हाय. माझी आय एक सांगायची, खरंखोटं देवाला ठावं. म्हनायची, ह्ये वाळलं की ह्याची जाळी हुती. त्या जाळीनं समदं घर पाठ घासून घेतं, न्हाऊन-धिऊन लख्ख हुतं. आन् ह्ये आपलं खुट्टीला बिनआंघुळीचं लोंबतंय. मग म्हनायची, तानू, आपल्यासारखंच हाय बघ. पोरं न्हायली, धनी न्हायला, म्हस न्हायली. आपुन दुपारपातूर पारोसं.”

त्यांनी पदर सावरला आणि खालच्या आवाजात, दळताना लागतो तशा सुरात, दोन ओव्या म्हटल्या:

“कुपाटीच्या वर । येल पारोशाचा गेला
शेजीच्या वट्यामंदी । वानवळा म्यां गं दिला

शेजीबाई माझी । रिता वटा कशी देई
मूठभर कोथमिरी । तिची गोडी सरत न्हाई”

मग वही बाहेर निघाली. त्या दिवशी तानूबाई बाजाराला गेल्याच नाहीत. पुठ्ठे एकीकडं पडले. त्या एक म्हणायच्या, मी एक म्हणायचे. देवाणघेवाणच ती, भांडं रितं जात नव्हतं.

“डांगर म्हंजी तुमच्यात काय?”

“नदीना वाळूमा पिकस ते गोड फळ. उन्हाळामा खातस.”

“अगं बया बया! आमच्यात डांगराची भाजी! लाल, ह्येवढं मोठं. तू सासरी हिकडं आलीस आन् सासूनं डांगर चिर म्हनलं, तर तू गुळासंगं खाऊन मोकळी हुशील.”

“कोकणात पापडाच्या पिठात दही कालवून खातात त्यालाही डांगर म्हणतात, मावशी.”

“मग त्या डांगराची तीन लगनं झाली म्हनायची.”

दुपारी विहिरीवरच्या बाया कुतूहलानं आल्या. तानूबाईंनी त्यांना सांगितलं, “अगं ही बाय पुन्याची न्हायच. कुठल्यातरी नदीकाठची हाय, तिच्यात ह्याला गिलकं म्हंत्यात. सांग गं ह्यास्नी.” मी सांगितलं. मग काय विचारता! एक म्हणाली माझं माहेर अकलूजकडं, आमच्यात ह्याला असं म्हणतात. दुसरी म्हणाली माझ्या माहेरी तसं. सासरी येऊन दडवून ठेवलेले शब्द एकेकीच्या कनवटीतून निघायला लागले. उरलेल्या चार दिवसांत वही भरली, समास भरले, पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजू भरल्या. शेवटच्या दिवशी ताटे गुरुजी आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. म्हणाले, “बाई, मीसुद्धा देऊ का काही? डावी बाजू मीच लिहिली होती, मला सगळी पाठ आहे.” त्यांनी पन्नासावर शब्द दिले.

पुण्याला परत येताना मी एस. टी. मध्ये ठरवलं, सरांना खरं सांगायचं. ठरवणं सोपं असतं. त्यांच्या टेबलापुढं उभी राहिले आणि आधी नुसती वही पुढं केली. ते वही वाचत होते. मधूनच “वा” म्हणत होते. ‘पारोसं’ला थांबले, ओव्या दोनदा वाचल्या.

“कसं जमवलंत?”

“सर, मी पहिला नियम मोडला. माझा शब्द आधी सांगितला.”

चष्मा कपाळावर गेला. “मुद्दाम?”

“हो सर. त्याशिवाय त्या देईनात.”

“मग ही वही नियमानं बाद होते. कळतंय तुम्हाला?”

“हो.”

“आणि कुठला शब्द सांगितलात? घोसाळं?”

“गिलकं.”

“ते तर खानदेशात म्हणतात.”

“मी तिथलीच आहे, सर. गिरणाकाठची. माझी बोली अहिराणी. अर्जात मी खोटं लिहिलं.”

त्यांनी वहीतलं ‘पारोसं’चं पान पुन्हा काढलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही गिलकं म्हणालात, तेव्हा ती बाई काय म्हणाली?”

“पारोसं.”

“म्हणजे तुमच्या शब्दानं तिचा पुसला नाही. उलट वर आणला.” त्यांनी वही मिटली, पण माझ्याकडं सरकवली नाही. आपल्या बाजूला ठेवली. “नियम मी केलाय. त्याला एक टीप जोडायला हवी, ती मी जोडतो. अर्जाचं म्हणाल तर तो दुसरा भरून द्या. आणि पुढच्या सोमवारी निघा.”

“कुठं, सर?”

“तुमच्या गावाला. गिरणाकाठी नकाशावर एक टिंब नाही. तीन वर्षं मी तिकडं पाठवायला माणूस शोधतोय. माझ्या समोर बसलेलं होतं, मला काय ठाऊक.”

त्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू? आणि तानूबाईंचे? पुढं तीस वर्षं मी ह्याच कामात काढली. पण त्या दोघांनी मला कुठं पोचवलं ते त्या सोमवारी कळलं.

मी घरी पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. माय अंगणात धान्य निवडत होती. मला बघून उठली, हात पुसले.

“ये. बस. पाणी देते. प्रवास बरा झाला का?”

हे काही नवं नव्हतं. गेली कितीएक वर्षं ती माझ्याशी असंच बोलायची, एकेक शब्द जपून, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं. मला वाटायचं, मुलगी शिकली म्हणून तिला हौस आली असेल. मनातून मला बरंही वाटायचं. त्या दिवशी मात्र ते ‘प्रवास बरा झाला का’ ऐकलं आणि मला पांढरवाडीच्या पारावरचा तो म्हातारा आठवला. आपण केव्हा आलात.

मी तिच्यापुढं बसले. पुठ्ठा काढला. संस्थेच्या कामानं आलेय, तुलाच विचारायचंय, असं सांगितलं. ती फोटोला बसावं तशी ताठ बसली.

“ह्याला काय म्हणतात?”

तिनं चित्र निरखलं. माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाली, “घोसाळं.”

मी पुठ्ठा खाली ठेवला. “माय,” मी म्हटलं, “हाई गिलकं शे ना वं?”

तिच्या हातातल्या सुपात दाणे होते, ते तसेच राहिले. मी थांबले नाही. तानूबाईंचं सगळं सांगितलं, आमच्या बोलीत, जिथं शब्द विसरले तिथं अडखळत. वानवळा सांगितला, पारोसं सांगितलं. तिचीच भाजी मी माणदेशात बांधावर बसून कशी सांगितली, आणि एक परकी बाई तिला शहाणी कशी म्हणाली, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मान खाली, एक बोट दाण्यांत फिरवत.

“तुन्हं ते झाकनबी सांगं मी,” मी म्हटलं. “गिलकं लाजाळू शे, ते.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. मग बोलली. कितीतरी वर्षांनी माझ्याशी तिच्या खऱ्या आवाजात बोलली.

“तू बोर्डिंगमा व्हतीस, तवय मी तुले भेटाले ऊनी व्हती. याद शे का? लाडू लई ऊनी व्हती. तू पयतच दारशी ऊनी. मी म्हनं, आते मन्ही आंडेर, मन्ही पोर, गळे पडी. तू हळूच माले सांगं, ‘आई, इथं काही बोलू नकोस.’ मन्ही आंडेर माले पयल्या खेपे ‘आई’ म्हनी. मी काही बोलनी नही. पानीबी मांगं नही. लाडू दिधात आन् निंघी ऊनी. घर ईसन मास्तरन्या पोरीकडथून तुम्हनी बोली शिकनी, एक एक शबद, रोज. तुन्हा बापले सांगं नही, कोनलेच नही. त्या दिनपाईन तुन्हासंगे बोलानं माले भ्याव वाटे, बेटा. आज नही वाटनं.”